तेच तेच वाजतंय, म्हणूनच: रोल-प्लेइंग गेमचं संगीत कसं ऐकावं

कोल्हापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. त्यांचं गाणं जयपूर-अत्रौली घराण्याच्या वळणाचं आहे. नातू कॉलेजात आहे, सुट्टीत रोल-प्लेइंग गेम खेळतो आणि त्यांतलं संगीत ‘आजी, लई भारी आहे, ऐक’ म्हणून मोबाइलवर लावतो. बाई ऐकतात, पण त्यांना तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतोय असंच वाटतं. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. यात ऐकण्यासारखं नेमकं काय आहे, आणि नातवाला या चाली पेटीवर वाजवायच्या आहेत तर वाजवू द्याव्यात का?

माझं काम नाटकांना पार्श्वसंगीत देण्याचं. हौशी संस्था, स्पर्धेची नाटकं, एकांकिका. शिवाय राजारामपुरीत मुलांना कीबोर्ड शिकवतो, आणि हे खेळ स्वतः पहिल्यापासून खेळत आलो आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

बाई, तेच तेच वाजतं हे तुमच्या कानानं बरोबर टिपलंय. फक्त पुढची पायरी राहिली आहे. रोल-प्लेइंग गेम हा तासाभराचा मामला नसतो. एक कथा, त्यात आपलं पात्र, त्याचे सोबती, गावं, जंगलं, देवळं, लढाया, आणि हे सगळं पार करायला सहज ३०-४० तास लागतात, काही खेळांना १०० सुद्धा. त्या काळात एक चाल शेकडो वेळा कानावर पडते. नाटकाच्या दोन-अडीच तासांत एखादी चाल मला चार वेळा वापरायला मिळाली तरी मी खूश असतो, कारण चौथ्या वेळी प्रेक्षकाला ती ओळखीची वाटते आणि तिथे मला काहीतरी करता येतं. गेमच्या संगीतकाराकडे ही ओळख भरपूर साठलेली असते. ती तो कशी खर्च करतो, हेच ऐकायचं.

उदाहरणानेच सांगतो. १९९७ सालचा ‘फायनल फँटसी ७’, संगीतकार नोबुओ उएमात्सु. या खेळात चार पावलं चाललात की अचानक पडदा फिरतो आणि लढाई सुरू होते. लढाई म्हटली की लढाईचं संगीत येणार, हे खेळणाऱ्याच्या अंगात मुरलेलं असतं. खेळ बराच पुढे गेल्यावर एक फार महत्त्वाचं पात्र मरतं. (कोणतं ते मुद्दाम सांगत नाही, नातवानं खेळलेला नसेल तर त्याचा रस जाईल.) त्या पात्राची स्वतःची एक शांत चाल आहे, ती सुरू होते. लगेच समोर शत्रू उभा राहतो, लढाईचा पडदा येतो, आणि लढाईचं संगीत येत नाही. ती शांत चालच वाजत राहते. हात लढत असतात, बटणं दाबत असतात, आणि कान रडत असतात. आता हा तुकडा कुणी तुम्हाला मोबाइलवर सुटा ऐकवला तर तुम्ही म्हणाल, बरी चाल आहे, थोडी गोड आहे. खरंच आहे. जे घडलं ते त्या चालीत थोडं आणि न वाजलेल्या चालीत जास्त आहे. न वाजलेली चाल ऐकू येण्यासाठी ती आधी कित्येक तास वाजलेली असावी लागते.

म्हणून माझा पहिला सल्ला: मोबाइलवर सुटे तुकडे ऐकणं थांबवा. संध्याकाळी नातवाशेजारी बसा, तो खेळत असताना. त्याला सांगा, गाव आलं की लगेच पुढे पळू नकोस, दोन मिनिटं थांब. खेळ सुरू होतानाचा पहिला पडदा येतो तिथेही तो बटण दाबायची घाई करेल, करू देऊ नका. संगीतकारानं सगळ्यात जास्त मेहनत बऱ्याचदा त्या पहिल्या पडद्यावर घेतलेली असते. आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच नको. त्यात खालचे स्वर कापले जातात, आणि या संगीताचा निम्मा अर्थ खालच्या स्वरांत असतो.

हा खालच्या स्वरांचा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबतो. ज्या गावात शाहू महाराजांच्या आश्रयानं तुमच्या घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब राहिले, जिथे देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३पासून आहे, तिथल्या ऐकणाऱ्याचा कान एका विशिष्ट रीतीनं घडलेला असतो. खाली तंबोरा अचल, वर स्वरांची चाल, आणि अर्थ सगळा त्या चालीच्या वळणांत. असा कान घेऊन गेमचं संगीत ऐकलं की माणूस राग शोधू लागतो, तो सापडत नाही, आणि मग संगीत उथळ वाटतं. इथे तंबोऱ्याच्या जागीच हालचाल आहे. वरचा स्वर तोच राहतो, खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, बदलते, आणि त्याच स्वराचा चेहरा पालटतो.

हे पेटीवर करून पाहा. पांढरी एक सा धरा. उजव्या हातानं वरचा गंधार दाबून ठेवा. डाव्या हातानं आधी सा-ग-प दाबा. मग गंधार न सोडता खाली मंद्र धैवत, सा, ग दाबा. वरचा गंधार हललेला नाही, पण मघाशी तो उजेडात होता आणि आता त्यावर सावली आली. गेमच्या संगीतातलं कथाकथन असंच होतं. हे एकदा कानाला पटलं की पुढचं सोपं आहे.

‘फायनल फँटसी’ मालिकेच्या अगदी पहिल्या, १९८७च्या खेळातला प्रील्यूड, म्हणजे आरंभीचा तुकडा, याच दोन कॉर्डांवर सुरू होतो. सा रे ग प, वरच्या सप्तकात पुन्हा सा रे ग प, असं चढत जायचं आणि तसंच उतरायचं. मग ध नि सा ग घेऊन तोच चढ-उतार. तुम्हाला आधी भूप आठवेल, मग निषाद आला की तो मोडेल. मोडू द्या. स्वर मोजके, चढ-उतार सरळ, आणि तरी पुढच्या बहुतेक भागांतून हा तुकडा कुठल्या ना कुठल्या रूपात परत येत राहिला. आज ४० वर्षांचा झालेला माणूस तो ऐकून लहान होतो.

त्या काळची अडचणही समजून घ्या, म्हणजे कौतुक नीट करता येईल. जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम नावाचा यंत्रसंच होता. आवाजासाठी त्यात पाच वाटा: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिनमुन्यांसाठी. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती, म्हणून ती बहुधा खर्जाला लावायची. १९८६चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा सगळा खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवला होता, चित्रं, मजकूर, संगीत सगळं धरून. संगीतकार कोइची सुगियामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, दूरचित्रवाणी आणि गाण्यांच्या धंद्यात नावाजलेले. त्यांनी किल्ल्यासाठी जी चाल केली ती मुख्यतः दोनच स्वररेषांवर उभी आहे, युरोपातल्या बरोक काळच्या धाटणीची. दोन रेषा एकमेकींना उत्तर देतात आणि कॉर्ड आपोआप ऐकू येते. साधनं कमी असताना चाल पक्की बांधावी लागते, हे पेटी-तबल्यावर नाटक काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. याच खेळाचा आरंभीचा तुकडा २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला सगळ्यात आधी वाजला, आणि पाठोपाठ दुसऱ्या खेळांच्या चाली.

माझ्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगतो, ती सहसा कुणी सांगत नाही. सांधा ऐका. तुकडा संपून पुन्हा सुरू होतो ती जागा. नाटकात एखादा प्रवेश लांबला तर मलाही तुकडा फिरवत ठेवावा लागतो, आणि सांधा उघडा पडला की प्रेक्षकाचं लक्ष नटावरून उडतं. चाल शेवटी षड्जावर येऊन पूर्ण विसावली, तर पुन्हा सुरू होताना ती ढकलल्यासारखी वाटते. चांगला संगीतकार शेवटची कॉर्ड पंचमावर लटकती ठेवतो, म्हणजे पहिला स्वर हवाहवासा होतो, आणि परत आलो हे कळतसुद्धा नाही. आवर्तन संपून समेवर येण्याचं सुख तुम्हाला ठाऊक आहे. इथे उलट कसब लागतं, सम लपवण्याचं. जुन्या खेळांतल्या गावांच्या चाली या दृष्टीनं ऐका. मिनिटा-दीड मिनिटाचा तुकडा, अर्धा तास वाजतो, आणि त्रास देत नाही. लिहून बघा म्हणजे कळेल ते किती अवघड आहे.

आता १९९४चा ‘फायनल फँटसी ६’. इथे मी रेंगाळणार, कारण संगीत नाटकाच्या गावातल्या माणसानं पाहावाच असा प्रवेश त्यात आहे.

तोवर यंत्र बदललं होतं. सुपर फॅमिकॉममध्ये सोनीची ध्वनिचिप होती, आठ वाटा आणि ध्वनीसाठी ६४ किलोबाइट स्मृती. खऱ्या वाद्यांचे छोटे नमुने त्यात भरता येत, पण माणसाचं गाणं ध्वनिमुद्रित करून घालण्याइतकी जागा कुठली! अशा यंत्रावर उएमात्सुंनी ऑपेराचा प्रवेश रचला. सेलेस नावाची एक सेनानी काही कारणानं नाट्यगृहात गायिकेच्या वेषात उभी राहते. तिच्या ओळी खेळणाऱ्यानं आधी वाचून पाठ करायच्या, आणि रंगमंचावर योग्य वेळी योग्य ओळ निवडायची. चुकलात तर प्रयोग फसतो. आवाज माणसाचा नाही, स्वरासारखं काहीतरी यंत्र काढतं, शब्द पडद्यावर उमटतात. तरीही तो प्रवेश गाणं म्हणून पोचतो. का पोचतो? चाल इतकी नीट बांधलेली आहे की आवाज आपण मनात घालतो. आणि दुसरं, तीच चाल पुढे सेलेसची स्वतःची चाल म्हणून येत राहते. रंगमंचावर ती दुसऱ्याच कुणाचं दुःख गात होती, नंतर तेच स्वर तिच्या वाट्याला येतात.

नाट्यपदाचं काम काय असतं हे गायक-नट केशवराव भोसल्यांच्या कोल्हापुरात मी कुणाला शिकवणार? पद येतं तेव्हा कथा थांबत नाही, पदातूनच ती पुढे सरकते. त्या जपानी खेळात नेमकं तेच झालंय. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा आमच्यासारख्यांना जे वाटलं ते लिहिण्याची ही जागा नाही, पण रंगमंचावर गाणं म्हणजे काय हे ज्यांना त्या वास्तूनं शिकवलं त्यांनी हा प्रवेश एकदा खेळून पाहावा, एवढं मी मनापासून म्हणतो. या खेळात हाताळायची पात्रं १४ आहेत आणि त्यांच्या त्यांच्या चाली आहेत. शेवटाला त्या चाली पुन्हा एका धाग्यात गुंफून येतात. तो भाग पहिल्यांदा ऐकताना समजणार नाही, खेळल्यावरच समजेल.

१९९५च्या ‘क्रोनो ट्रिगर’बद्दल थोडक्यात. संगीतकार यासुनोरी मित्सुदा, त्यांचं हे पहिलं मोठं काम. कामाच्या ताणानं ते आजारी पडले आणि उरलेल्या काही चाली उएमात्सुंनी केल्या. त्यात प्राचीन काळातल्या एका तरंगत्या राज्याची चाल आहे, तिच्यात सतारीसारखा आणि तबल्यासारखा आवाज ऐकू येतो. सतारी बनवणारं मिरज जवळ असल्यानं आपल्याला सतारीचा नाद ओळखीचा, म्हणून आपण लगेच ‘हे काय वाजवलंय’ म्हणून मोकळे होतो. ठेका शोधू नका, मींड शोधू नका. दूरच्या, विरलेल्या काळाचा रंग म्हणून तो आवाज घेतलाय, आणि रंग म्हणून तो उत्तम लागलाय. मला ही चाल फार प्रिय आहे. तारांचेच वाद्य मनापासून वाजवलेलं ऐकायचं असेल तर १९९६च्या ‘डायाब्लो’मधल्या गावाचं संगीत लावा, मॅट उएलमेन यांचं, बारा तारांच्या गिटारवर. गाव उद्ध्वस्त होत आलेलं, आणि गिटार कुठेही घाई करत नाही.

नव्या खेळांकडे वळू. यंत्राची मर्यादा गेली, सगळा वाद्यवृंद, सगळे गायक हाताशी आले. आणि मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं की त्यामुळे पुष्कळ संगीत बिघडलंही. मोठे ढोल, मोठा कोरस, आणि मध्ये चालच नाही, असं कितीतरी मोठ्या खेळांत ऐकू येतं. ते ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तर मी तुमच्या बाजूचा आहे. खेळ बंद केल्यावर गुणगुणता येत नाही आणि खेळातला प्रसंगही आठवत नाही, असं संगीत कशासाठी वाखाणायचं?

पण ज्यांनी नव्या सोयीचा नीट उपयोग केला, त्यांचं काम मोठं आहे. ‘नीअर ऑटोमाटा’ हा २०१७चा खेळ, संगीत केइची ओकाबे आणि सहकाऱ्यांचं. इथे एकाच चालीचे अनेक थर केलेले असतात: हलका, भरलेला, गायनासह. तुम्ही हिंडता, थांबता, लढता, तसे थर चढतात-उतरतात. मधेच खेळण्याचा एक वेगळा प्रकार आला की तीच चाल जुन्या यंत्राच्या आवाजात वाजू लागते, क्षणात परत मूळ रूपात. एमी एव्हान्स यांनी गायलेल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, घडवलेले आहेत. शब्दाचा अर्थ लागला नाही म्हणून तराण्यात आपलं काही अडत नाही, तसंच इथेही अडणार नाही. उलट खयाल ऐकणाऱ्याला हे संगीत इतरांपेक्षा लवकर उघडतं, असा माझा अनुभव आहे.

‘स्कायरिम’ (२०११, संगीतकार जेरेमी सोल) नातवाकडे बहुतेक असेलच. त्याचं मुखसंगीत पुरुषांच्या कोरसचं आहे, ३० जणांकडून तीन वेळा गाऊन घेऊन ९० जणांचा आवाज केलेला. ते गाजलं. मला मात्र त्यातलं रानावनात फिरतानाचं संगीत जास्त मोलाचं वाटतं. ते येतं, थोडं वाजतं आणि निघून जातं, मग बराच वेळ फक्त वारा. शांतता ठेवण्याची हिंमत लागते. मुखसंगीतात २००२च्या ‘मॉरोविंड’ची चाल दडलेली आहे, दोन्ही लागोपाठ ऐका. ‘विचर ३’ (२०१५) मध्ये पोलंडमधल्या पेर्सिव्हाल या लोकसंगीताच्या वाद्यवृंदाचा हात आहे. दलदलीचा प्रदेश, शहर आणि बेटं यांचं संगीत इतकं वेगळं आहे की डोळे मिटून आपण कुठे आहोत ते सांगता येतं. आणि २०२५चा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३’ राहून गेला तर नातू रागावेल. लोरियन तेस्तार या फ्रेंच संगीतकाराचं काम, आठ तासांहून अधिक संगीत, त्यात आलिस द्युपोर-पेर्सिए यांचं गायन.

आता कुठून सुरुवात करायची? मी ‘अंडरटेल’ म्हणेन. २०१५चा, टोबी फॉक्स यांनी रचलेला, संगीतही त्यांचंच. साध्या लॅपटॉपवर चालतो, काही तासांत संपतो, म्हणजे तुम्हाला सबंध पाहता येईल. सुरुवातीलाच जी छोटी चाल लागते ती लक्षात ठेवा. पेटीवर बसवूनच ठेवा हवं तर. मग ती पुढे कुठे, कोणत्या लयीत, कुणाच्या तोंडी येते ते नातवाच्या आधी ओळखण्याचा प्रयत्न करा. तुमचा कान त्याच्यापेक्षा तयार आहे, तुम्हीच जिंकाल. सेटिंगमध्ये संगीताचा आणि इतर आवाजांचा आवाज वेगळा ठेवता येणारा खेळ असेल तर तलवारी-धमाके निम्म्यावर आणायला सांगा. वाद्यवृंदानं वाजवलेल्या मैफली आणि अल्बम मागाहून ऐका. ते सुंदर असतात, पण त्यांत सांधा नसतो आणि शांतताही नसते, तुकडा सजवून पूर्ण केलेला असतो.

राहिला नातवाच्या पेटीचा प्रश्न. वाजवू द्या, अगदी निर्धास्त. सूर बिघडेल ही भीती अनेक पालक माझ्याकडे बोलून दाखवतात. पेटीचे सूर जसे लावलेत तसेच राहणार आहेत, कोणती चाल वाजवली त्यानं ते हलत नाहीत. गळ्याचा रियाज तंबोऱ्यावर वेगळा चालू असू दे. एवढं सांभाळा: तो इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून फक्त वरची चाल उचलेल आणि डावा हात भाता मारण्यात गुंतलेला राहील. मग कॉर्ड निसटते आणि चाल निम्मी होते. म्हणून शक्य असेल तर साधा कीबोर्ड घ्या आणि डाव्या हाताला खर्जाचा एकेक स्वर तरी द्या. पेटीवरच करायचं तर भाता तुम्ही सांभाळा आणि त्याला दोन्ही हात मोकळे द्या.

सुरुवात प्रील्यूडनं करा. मूळ चढण चार सप्तकांची आहे, साडेतीन सप्तकांच्या पेटीत ती मावणार नाही, दोनच सप्तकं चढवा. पांढरी एकमधून बसली की त्याच्या स्वतःच्या पट्टीत, काळी एक असो की काळी दोन, बदलून वाजवायला सांगा. बोटं अडखळतील, लय धिमी ठेवा. चढताना-उतरताना प्रत्येक स्वर सारख्याच वजनाचा आला पाहिजे. ते जमलं की दुसरी कॉर्ड जोडा, आणि तो ती वाजवत असताना तुम्ही वरून नुसता गंधार लावून धरा.